सलिलच्या नावावर उरलेली गाडी

जुलैच्या पहिल्या रविवारी चित्रलेखाने नेहमीप्रमाणे किल्ली फिरवली, तेव्हा गाडी फक्त एकदा ‘टक्’ असे म्हणाली आणि गप्प झाली. दुसऱ्यांदा फिरवली तर तेवढेही नाही. कॅनबेराच्या गुंगालिन उपनगरात त्या सकाळी उणे पाच होते. बाजूला सारलेल्या निळ्या ताडपत्रीच्या घड्यांत दव गोठून पत्र्यासारखे कडक झाले होते, आणि ड्रायव्हरच्या जागी, वयाच्या चौपन्नाव्या वर्षापर्यंत एकदाही गाडी न चालवलेली एक विदुषी मांडीवर वही घेऊन बसली होती. वहीत तिने नोंद केली: ‘५ जुलै २०२०, आठ वाजून चार मिनिटे. प्रतिसाद नाही.’

गाडी तिची नव्हती. ती शेजारच्या घरात भाड्याने राहणाऱ्या सलिलची. सलिल पुण्याचा, कॉम्प्युटरवाला, तात्पुरत्या व्हिसावर चार वर्षे या देशात कर भरणारा; आधी सिडनीत वेंटवर्थव्हिलला आणि डिसेंबरपासून कॅनबेरात. वडिलांच्या बायपाससाठी ७ मार्चला तो, बायको स्पृहा आणि सहा वर्षांची अनुष्का असे तिघे चौदा दिवसांसाठी पुण्याला गेले. तेराव्या दिवशी कोरोनामुळे देशाचे दार लागले. नागरिक आणि कायमचे रहिवासी आत. बाकीच्यांना, सरकारातल्या मोठ्या माणसांच्या सौजन्यपूर्ण शब्दांत, आपापल्या घरी जाण्याची वेळ झाली होती. सलिलचे घर चित्रलेखाच्या भिंतीपलीकडे होते. रात्री भिंतीला डोके टेकले की त्याच्या फ्रिजची घरघर ऐकू येई. मे महिन्यात भाडे परवडेना म्हणून घर सुटले, फ्रिज विकला गेला, आणि ती घरघरही थांबली.

चित्रलेखाचा या कुटुंबाशी संबंध पुस्तकांतून जुळला. ती प्राचीन दानपत्रांची अभ्यासक. त्यातही शिलालेखांच्या शेवटी कोरलेली शापवचने हा तिचा तीस वर्षांचा विषय. दिलेली जमीन जो हिरावून घेईल तो साठ हजार वर्षे विष्ठेतला किडा होईल, अशी हमी जुने राजे देत असत. अलीकडची विद्यापीठे तेवढी स्पष्ट बोलत नाहीत. तिच्या विभागाला त्यांनी ‘ऐच्छिक निवृत्ती’चे पत्र धाडले. जिच्यामागे ‘ऐच्छिक’ हे विशेषण लावावे लागते ती निवृत्ती किती ऐच्छिक असते, हे कळायला पुराभिलेखांचा अभ्यास लागत नाही. विभागाची पुस्तके रद्दीत निघाली, तेव्हा सलिलने याच छोट्या निळ्या गाडीतून, जानेवारीच्या धुरकट उन्हात, सतरा खेपा करून ती तिच्या गॅरेजात आणून टाकली. त्याने ना कारण विचारले, ना उपकाराची भाषा केली. सतराव्या खेपेनंतर स्वतःहून म्हणाला, "ताई, रॅकपण न्यायचे का?"

त्यामुळे गाडी सांभाळायची विनंती आली तेव्हा तिने ‘हो’ म्हणायला क्षणही घेतला नव्हता. सलिलने पुण्याहून सूचना दिल्या होत्या: ताडपत्रीने घट्ट झाकायची, हँडब्रेक ओढून ठेवायचा, दर रविवारी पाच मिनिटे इंजिन चालू करायचे. त्याच्या वडिलांनी कोथरूडला आपली गाडी तीस पावसाळे अशीच जपली होती. चित्रलेखाने या सूचना एखाद्या संहितेसारख्या पाळल्या. आणि गाडी मेली.

"प्रोफेसरबाई, श्राद्ध कुणाचं चाललंय?"

कुंपणापलीकडे माकडटोपी घातलेले, हात मागे बांधलेले चंद्रहासराव उभे होते. पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या वीणाचे वडील. वय एकाहत्तर, हृदयात दोन स्टेंट, आणि पिंपरीच्या कारखान्यात इंजिनांच्या चाचणीवर घालवलेली तेहतीस वर्षे. जानेवारीत तीन महिन्यांसाठी लेकीकडे आले होते. ज्या दाराने सलिलला बाहेर अडकवले, त्याच दाराने यांना आत अडकवले होते.

"चालू होत नाही," ती म्हणाली. "दर रविवारी पाच मिनिटं चालू करते. न चुकता."

"म्हणजे दर रविवारी थोडी थोडी मारत होतात. एकदम मारली असती तर सुटली असती बिचारी." ते कुंपणाला वळसा घालून आले आणि बरोबर दीड मीटरवर थांबले. "स्टार्टर बॅटरीतून जेवढं काढतो ना, तेवढं पाच मिनिटांत परत भरत नाही. शिवाय इंजिन तापायच्या आत बंद केलंत की वाफेचं पाणी सायलेन्सरातच बसतं. आणि ही लुंगी कुणी नेसवली हिला?"

"ताडपत्री? सलिलनेच सांगितलं. पुण्यात..."

"पुण्यात पाणी वरून येतं, बाई. इथं ओल जमिनीतून वर येते आणि या प्लॅस्टिकखाली कोंडून राहते. वास घ्या आत. कसला येतोय?"

वास तिला महिनाभर येत होता. आपल्याच पुस्तकांचा असावा असे ती धरून चालली होती. आता तिने नीट पाहिले. स्टिअरिंगवर हिरवट-पांढरी बुरशी होती, सीटबेल्टवर होती, अनुष्काच्या खुर्चीवर होती.

"हँडब्रेक ओढलाय?"

"अर्थात. घट्ट."

चंद्रहासरावांनी माकडटोपी काढली आणि आकाशाकडे पाहिले. "चार महिने! आत ब्रेक चिकटून बसले असणार. डॅशबोर्डचा कप्पा उघडा."

तिने तो उघडला. गेल्या दसऱ्याला गाडीची पूजा झाली होती. तिचे खोबरे-खडीसाखर भाबड्या श्रद्धेने तिथेच ठेवलेले होते. खोबरे आता नव्हते. गाडीच्या माहितीपुस्तकाचा बारीक चुरा करून कुणीतरी त्याचे गोल, मऊ, अत्यंत व्यवस्थित घरटे केले होते.

"उंदीर," चंद्रहासराव म्हणाले. "वायरी खाल्ल्या नसल्या म्हणजे मिळवली."

"चला, निदान एका जीवाला तरी या देशात घर मिळालं," चित्रलेखा म्हणाली, "तेही व्हिसाशिवाय."

त्या रात्री तिने सलिलला फोन केला. गाडीची कहाणी सांगण्याआधीच तो म्हणाला, "ताई, चौथा नकार आला."

परत येण्याची खास परवानगी मिळावी म्हणून सलिल अर्ज करीत होता आणि देशाच्या सीमा सांभाळणारे खाते नम्रपणे नाही म्हणत होते. या वेळच्याही पत्रात तेच वाक्य होते: अर्जदाराचे ऑस्ट्रेलियाशी चालू असलेले संबंध दाखवणारा पुरावा पुरेसा नाही.

"त्यांचं बरोबरच आहे," सलिल कोरडे हसला. "घर गेलं. विजेचं कनेक्शन गेलं. अनुची शाळेतली जागा दुसऱ्या मुलाला दिली. फ्रिज, सोफा, सगळं गेलं. काय दाखवू? माझ्या नावावर तिथं एक गाडी आहे फक्त, आणि तिचंही रजिस्ट्रेशन २१ ऑगस्टला संपतंय. ताई, विकून टाका ती. इथं एका कंपनीत विचारलंय मी. बाबा पण म्हणतात, पुरे आता."

"गाडीचे कागद कोणत्या पत्त्यावर आहेत?"

"वेंटवर्थव्हिलच्या. बदलायचेच राहिले. पुण्यात कोल्हापूरची गाडी जन्मभर कोल्हापूरच्याच नंबरने फिरते, तसंच वाटलं मला."

चित्रलेखाच्या मनात आता खेद उरला नव्हता. त्याची जागा थंड, स्वच्छ संतापाने घेतली होती. हे लोक आधी माणसाला त्याच्या घराबाहेर कुलूप लावून ठेवतात, भाडे थकून घर जाईपर्यंत थांबतात, आणि मग विचारतात, तुझे घर कुठे आहे? अशी सफाई तिने एकाही ताम्रपटात पाहिली नव्हती. जुने राजे गाव जाळत. जळलेल्या गावाकडे मालकीचा दाखला मागण्याइतके सुसंस्कृत ते नव्हते.

"सलिल," ती म्हणाली, "राजा मरतो, राजधानी नांगरली जाते, गावाचं नाव कुणाला आठवत नाही. तांब्याचा पत्रा तेवढा उरतो. आणि मग त्या पत्र्यावरून आम्ही म्हणतो की हा माणूस इथे होता. तुझा इथे एकच पत्रा उरलाय, आणि त्याला चाकं आहेत. मी तो विकणार नाही."

"ताई, ती चालूसुद्धा होत नाही ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्या आवाजावरून कळलं."

"होईल," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

रजिस्ट्रेशनचा पेच चंद्रहासरावांच्या लेकीने, वीणाने, दोन संध्याकाळी खपून उलगडला. कॅनबेराच्या नावावर गाडी करायची तर मालक समोर हवा, आणि तो तर दाराबाहेर. म्हणून सिडनीचाच जुना नंबर पुढे चालू ठेवायचा. त्यासाठी गाडीची तपासणी सिडनीच्या राज्यात, म्हणजे न्यू साउथ वेल्सच्या हद्दीतल्या गॅरेजात करून घ्यायची. जवळचे गाव क्वीनबियन, अर्ध्या तासावर. गाडी पास झाली की सलिल पुण्यात बसून उरलेले सोपस्कार करू शकेल.

"एकवीस ऑगस्ट म्हणजे हरतालिका," चंद्रहासराव पंचांगाचे ॲप बघून म्हणाले. "म्हणजे सहा आठवडे आहेत. बाई, मनावर घ्या."

बाईंनी घेतलेच होते. त्याच आठवड्यात घरांच्या कमिटीची चिठ्ठी वायपरखाली आली: पाहुण्यांच्या जागेत गाडी ‘साठवून’ ठेवता येणार नाही, चौदा दिवसांत हलवावी. हलवायला जागा एकच होती, आणि तीत एकसष्ट खोकी पुस्तके होती. चित्रलेखाने पदर खोचण्याऐवजी स्वेटरच्या बाह्या वर केल्या. चार दिवसांत तिने एकटीने सगळी खोकी घरात आणली. शब्दकोश जिन्याच्या पायऱ्यांवर चढले, शिलालेखांचे अहवाल स्वयंपाकघरात कणकेच्या डब्याशेजारी बसले, आणि नियतकालिकांचे बांधीव अंक बाथटबमध्ये पहुडले. अंघोळीला कोपऱ्यातला शॉवर पुरेसा होता. जी पुस्तके विद्यापीठाला जड झाली होती, ती तिला झोपायच्या खोलीपर्यंत जड झाली नाहीत.

मग एका टोइंगवाल्याने चिकटलेल्या चाकांसकट गाडी गॅरेजात ओढून दिली आणि धडे सुरू झाले. गॅरेजच्या दारात चंद्रहासराव घडीच्या खुर्चीवर, मास्क लावून, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन बसत. आत चित्रलेखा. वीणाची अट होती की बाबांनी गाडीला हात लावायचा नाही आणि अंतर सोडायचे नाही. येता-जाता ती रस्त्यावरून ओरडे, "बाबा, वन पॉइंट फाइव्ह!"

"माझ्या लेकीला मी दीड मीटरवरूनच आवडतो," ते म्हणत. "हं, निगेटिव्ह आधी सोडा. काळी वायर. दहाचा पान्हा. अहो, तो नव्हे, तो चौदाचा!"

"त्यावर आकडा पुसट आहे."

"हजार वर्षांपूर्वीची अक्षरं वाचता ना? मग हा वाचता येत नाही?"

बॅटरी काढून घरात चार्जरला लागली. बुरशी पांढऱ्या व्हिनेगरने पुसली गेली, सीट हिवाळी उन्हात वाळल्या. उंदराचे घरटे तिने जरा जपूनच उचलले आणि कुंपणाबाहेर ठेवले. वायरी शाबूत होत्या. सायलेन्सरचे पाणी, टायरची हवा, जुने पेट्रोल, एकेक ओळ वहीत उतरत गेली, आणि प्रत्येक ओळीपुढे चंद्रहासराव खुर्चीवरून पसंतीची मान हलवीत. मागची दोन्ही चाके जॅकवर चढवून, लाकडी ठोकळ्याने ड्रमवर बाहेरून ठोकल्यावर चिकटलेला ब्रेक सुटला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिने किल्ली फिरवली आणि इंजिनाने खोकत, थुंकत, शेवटी दम धरला.

"बंद करू नका!" चंद्रहासराव खुर्चीवरून उठलेच. "वीस मिनिटं चालू द्या. बोलू दे तिला. पाच महिने धड बोललेली नाही."

बारा तारखेला ते क्वीनबियनला निघाले. गाडी चंद्रहासरावांनी चालवली. महाराष्ट्राच्या त्यांच्या लायसन्सवर पाहुण्याला ती मुभा होती, आणि वीणा तिघांत सर्वांत लहान असल्याने तिचा विरोध मोडून पडला. चित्रलेखा मागे बसली, चारही काचा खाली. तीन अंशांच्या वाऱ्यात तिचे डोळे पाणावले. ते वाऱ्यानेच, असे तिने ठरवून टाकले.

तपासणी करणारा मेकॅनिक धिप्पाड, लाल दाढीचा आणि मनाचा बरा होता. त्याने दिवे पाहिले, टायर पाहिले, खाली जाऊन आला आणि मान हलवली. डाव्या बाजूचा हँडब्रेक धरत नव्हता. "सॉरी मेट, असा पास नाही करता येणार." नवे ब्रेक-लायनर लागतील. या मॉडेलचे मेलबर्नहून येतात, आणि मेलबर्न तर बंद आहे. दोन आठवडे. कदाचित तीन. नो वरीज, आले की तो फोन करील.

मुदतीला नऊ दिवस उरले होते.

परतीच्या वाटेवर चित्रलेखाने वहीत लिहिले: ‘नापास. डावा हँडब्रेक.’ मग पुढून चंद्रहासराव म्हणाले, "लायनर झिजलेले नाहीत. मी पाहिलं ना. चार महिने ओलीत बसून वर गंज आणि चिकटा धरलाय. आमच्याकडे असा माल परत आला तर आम्ही फेकायचो नाही. घासायचो."

"कोण घासणार?"

"मला हात लावायची बंदी आहे," ते म्हणाले. आरशात त्यांचे डोळे चक्क चमकत होते.

पुढचे पाच दिवस चित्रलेखा गॅरेजच्या थंडगार फरशीवर, जुन्या योगाच्या चटईवर, चष्म्यावर चष्मा चढवून बसली. ड्रम निघेना, निघाला तर आतली स्प्रिंग उडून रिकाम्या रॅकमागे गेली आणि ती शोधण्यात एक संध्याकाळ गेली. बोटे सुन्न पडत, तेव्हा ती मास्कखाली धरून त्यांना ऊब देई. पॉलिश पेपरने लायनरचा पृष्ठभाग ती घासत होती, आणि घासताना एकेक ओळ मनातल्या मनात म्हणत होती: जो हे हिरावून घेईल, तो साठ हजार वर्षे. मिळेल त्या पत्त्यावर हा शाप पाठवण्याची तिची तयारी होती. फक्त खात्याच्या अर्जात त्यासाठी रकाना नव्हता.

"एवढं चिडून घासू नका," चंद्रहासराव म्हणाले. "सारखं घासा. राग एका बाजूला जास्त गेला की ब्रेक वाकडा धरतो."

ती थांबली. मग पुन्हा सुरुवात केली: सावकाश, सारखे, वरपासून खालपर्यंत.

त्यांनी केबल ताणायला लावली, ड्रम बसवायला लावला, पुन्हा उघडायला लावला, पुन्हा बसवायला लावला. ती कंटाळली नाही. ज्या बाईने एका झिजलेल्या अक्षरासाठी कोकणातल्या एका दगडासमोर अकरा दिवस काढले होते, तिला हे परिचयाचे काम होते.

एकोणीस तारखेला लाल दाढीवाल्याने हँडब्रेक ओढला, गाडी रेटून पाहिली, पुन्हा ओढला. "लायनर कुठून मिळाले?"

"जुनेच आहेत," चित्रलेखा म्हणाली. "मी साफ केले."

"तुम्ही?" त्याने तिच्या बोटांकडे पाहिले. नखांत काळे, दोन ठिकाणी पट्ट्या. "काय काम करता तुम्ही?"

"संस्कृत वाचते."

"बरोबर," तो अत्यंत गंभीरपणे म्हणाला आणि कॉम्प्युटरवर ‘पास’ नोंदवला.

हरतालिकेच्या आदल्या दिवशी सलिलने पुण्याहून रजिस्ट्रेशन आणखी एका वर्षासाठी वाढवले आणि पाचवा अर्ज पाठवला. त्याला चित्रलेखाने सतरा पाने जोडली होती: रजिस्ट्रेशनचा दाखला, तपासणीचा अहवाल, वहीतल्या तारीखवार नोंदी, गॅरेजात उभ्या असलेल्या गाडीचे फोटो आणि आपले प्रतिज्ञापत्र की हा माणूस इथलाच रहिवासी असून त्याची गाडी, तीतली त्याच्या मुलीची खुर्ची आणि त्याची वाट पाहणारे लोक इथे आहेत.

सात सप्टेंबरला उत्तर आले. नकार.

"संपलं, ताई," सलिल म्हणाला. व्हिडिओत त्याचा चेहरा उतरलेला होता. मागे स्पृहा पाठ फिरवून कपडे वाळत घालत होती. "मी त्या कंपनीला उद्या हो म्हणतो."

"थांब." चित्रलेखाने पाचही पत्रे टेबलावर ओळीने मांडली होती. हे काम तिने आयुष्यभर केले होते: एकाच शासनाच्या पाच प्रती शेजारी ठेवायच्या आणि कोरक्याचा हात कुठे अडखळला ते पाहायचे. "पाचव्या पत्रातली तिसरी ओळ वाच."

"तेच आहे. सॉरी, रिग्रेट..."

"वाच."

सलिलने वाचले आणि तो थबकला. संबंधांचे वाक्य नव्हते. त्याच्या जागी दुसरे होते: नोकरी देणाऱ्याचे पत्र तीन महिन्यांपेक्षा जुने आहे.

"पहिल्या चार पत्रांत त्यांनी तुला विचारलं, तू आमचा कोण?" ती म्हणाली. "पाचव्यात तो प्रश्न नाही. कुणीतरी, कुठल्यातरी टेबलावर, ते वाक्य खोडलंय. म्हणजे कुणीतरी सतरा पानं वाचली. आता ते फक्त एक ताजं पत्र मागतायत. तुझा मॅनेजर अजून आहे ना?"

"आहे. त्याने परवाच विचारलं, कधी येतोयस म्हणून." सलिल जरा गोंधळला. "पण ताई, किती वेळा?"

"ते नाही म्हणायचे थकेपर्यंत. मी त्यांच्यापेक्षा कमी काम करते आता. मला वेळ आहे. विद्यापीठाची कृपा."

स्पृहा वळली. ओले कपडे हातात तसेच धरून तिने स्क्रीनकडे पाहिले. "सलिल, आजच मेल कर त्याला. उद्या नको."

सलिलने मान हलवली. "पण सहाव्याला अजून दोन महिने लागतील. गाडी पुन्हा उभी राहून बसेल. काका तर चाललेत ना?"

चंद्रहासरावांना मायदेशी नेणाऱ्या विमानात वीस तारखेची जागा मिळाली होती. या फोनच्या आदल्या संध्याकाळीच त्यांनी गॅरेजच्या दारात उभे राहून शेवटची सूचना दिली होती: आठवड्यातून एकदा, किमान अर्धा तास, खऱ्या रस्त्यावर, जागच्या जागी गुरगुरणे बंद.

"मी लर्नरची परीक्षा दिली," चित्रलेखा म्हणाली. "मंगळवारी. पस्तीसपैकी चौतीस. एक प्रश्न चुकला, तो प्रश्नच चुकीचा होता. मी त्यांना लिहिलंय. वीणा शेजारी बसणार आहे. उद्या पहिला धडा, रिकाम्या पार्किंगमध्ये."

सलिल स्क्रीनच्या अगदी जवळ सरकला. मग घाईघाईने, जवळजवळ दटावल्यासारखा म्हणाला, "ताई, ऐका. तिचा क्लच जरा वर धरतो. एकदम सोडू नका. आणि दुसऱ्या गिअरला ती कुरकुरते, घाबरायचं नाही, फक्त हळू घालायचा. लिहून घेताय ना?"

चित्रलेखाने वही उघडली. "सांग," ती म्हणाली. "सावकाश सांग."